लादीची कड

गिरगावात आजीच्या चाळीतल्या खोलीत आठ इंची सिमेंटच्या लाद्या होत्या. उन्हाळ्याच्या दुपारी मी त्या गार लादीवर पालथी पडून नक्षी बघत बसायचे. एका लादीवर पूर्ण फूल कुठेच नसायचं, चार कोपऱ्यांत चार पाव फुलं. चार लाद्या भिडल्या की मगच फूल. संगणकावर सलग नक्षी कशी काढायची हे आज सांगायचंय, आणि त्यातलं निम्मं त्या लादीतच आहे.

बहुतेक विद्यार्थी चौकोनाच्या मधोमध छान फूल काढतात आणि कडेचं नंतर बघू म्हणतात. कड रिकामी राहते आणि कापडभर रिकाम्या पट्ट्यांची जाळी दिसते. म्हणून माझा आग्रह असतो, की आधी कड भरा.

चित्रं काढायचं सॉफ्टवेअर म्हणून इंकस्केप घ्या, इलस्ट्रेटर घ्या. २०० पिक्सेलचा चौकोन काढा, हीच आपली लादी. एक पान डाव्या कडेवर असं ठेवा की अर्धं बाहेर जाईल. त्याची प्रत उजवीकडे नेमकी २०० सरकवा, तीही माऊसने ओढून नाही, आकडा टाकून. वरच्या कडेवरच्या पानाची प्रत तशीच २०० खाली. फूल कोपऱ्यावर असेल तर चारही कोपऱ्यांत हवं. पुढे यातलं एक हलवलंत तर त्याचे जोडीदारही तेवढेच हलवायचे. मग मधली जागा भरा, तिथे मोकळे आहात. इलस्ट्रेटरमध्ये त्याच मापाचा, रंग आणि रेषा नसलेला चौकोन सगळ्यांच्या मागे ठेवायचा. लादी किती मोठी, हे त्यावरून ठरतं. इंकस्केपमध्ये चौकोनाबाहेरचं क्लिप करून टाका, म्हणजे झाकून टाका, आणि मग पॅटर्न बनवा.

एकदा कापडाच्या छपाईसाठी मी १०० मिलिमीटरची लादी केली. मागच्या चौकोनाला अर्ध्या मिलिमीटरची बाह्यरेषा राहून गेली होती. रेषा अर्धी आत, अर्धी बाहेर बसते. सॉफ्टवेअरने रेषेसकट माप घेतलं, १००.५. पानं मात्र मी १०० वरच सरकवली होती. अख्ख्या ताग्यावर प्रत्येक जोडावर पानाच्या कडेला बारीक पायरी! पडद्यावर ती मला दिसलीच नव्हती. म्हणून बाह्यरेषा काढून टाका आणि इंकस्केपच्या सेटिंगमध्ये रेषा न धरता भौमितिक माप निवडा. लादीचं मापही पूर्ण अंकातच ठेवा, नाहीतर जोडावर केसासारख्या फटी दिसतात.

साडीवरच्या बुट्ट्या आठवा. बऱ्याचदा त्या एकाखाली एक नसतात, शेजारची ओळ अर्ध्याने खाली उतरलेली असते. इलस्ट्रेटरच्या पॅटर्न पर्यायांत हे एका निवडीत होतं. इंकस्केपच्या टाइल्ड क्लोन्समध्ये, म्हणजे एका आकाराच्या प्रती मांडणाऱ्या सोयीत, तर सममितीचे (आकार सरकवून, फिरवून, आरशासारखा उलटवून पुन्हा मांडण्याचे) सगळे १७ प्रकार आहेत. सपाट पृष्ठावर पुनरावृत्तीचे याहून जास्त प्रकार शक्यच नाहीत, हे फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्येच सिद्ध केलं होतं. गिरगावातल्या त्या लादीचा प्रकारही या १७ मध्येच कुठेतरी बसतो, याचं मला आजही नवल वाटतं.

शेवटी तीन बाय तीन लाद्या मांडा, खुर्ची मागे सारा, डोळे किलकिले करा. त्या ताग्याची नक्षी दुरुस्त करताना मी हे केलं, तेव्हा जोड सगळे नीट होते, पण एक गडद कळी उभ्या रांगेत सारखी डोळ्यांत येत होती. तिचा रंग जरा उतरवला आणि तेवढीच गडद दुसरी कळी अर्ध्या लादीच्या अंतरावर, थोडी वाकडी करून ठेवली. रांग मोडली.