उणे शंभर आणि एक स्वल्पविराम

मित्रहो, रकमेत स्वल्पविराम घालणारे फंक्शन आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी लिहिलेले असेल. १२३४५६७ हा आकडा आपल्याकडे १२,३४,५६७ असा छापायचा असतो, म्हणजे उजवीकडून आधी तीन अंकांचा गट आणि त्यापुढे दोन-दोनांचे. हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत हे काम चार ओळींत होते: संख्येची अक्षरे करायची, ती उलटी करायची, आधी तीन आणि मग दोन-दोन अशी तोडायची, मध्ये स्वल्पविराम ठेवायचे आणि सगळे पुन्हा उलटायचे. मी ते लिहिले आणि क्विकचेक या चाचणी घेणाऱ्या साधनासाठी दोन गुणधर्मही लिहिले. स्वल्पविराम काढले की मूळ संख्या परत मिळाली पाहिजे, हा पहिला. प्रत्येक स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना अंकच असला पाहिजे, हा दुसरा. दोन्हींच्या शंभर-शंभर चाचण्या पास झाल्या, आणि फंक्शन चुकीचे होते.

क्विकचेक हे कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी स्वीडनमधील गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात घडवले. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००० सालचा आहे. एकेक उदाहरण हाताने लिहिण्याऐवजी आपण सर्व उदाहरणांना लागू पडणारे विधान लिहावे आणि उदाहरणे यंत्राने यादृच्छिकपणे तयार करावीत, ही त्यातली कल्पना. ती इतकी सोयीची आहे की उदाहरणे कोणत्या पोत्यातून काढली जात आहेत, हे विचारायचे आपण विसरतो.

प्रत्येक चाचणीला क्विकचेक एक आकारमान देते. नेहमीच्या शंभर चाचण्यांत ते ० पासून ९९ पर्यंत वाढत जाते, आणि साध्या पूर्णांकाचा जनरेटर, म्हणजे उदाहरणे तयार करणारा भाग, उणे आकारमान ते अधिक आकारमान यांमधलीच संख्या निवडतो. म्हणजे माझ्या फंक्शनला ९९ च्या पलीकडची एकही संख्या कधी दिसली नव्हती, आणि ज्याला चार अंकी संख्याच दिसत नाही त्याने स्वल्पविराम घातला काय आणि न घातला काय, सारखेच. खरी गंमत ऋण संख्यांची आहे. वजाचे चिन्हही माझ्या कोडमध्ये एक अक्षर म्हणूनच मोजले जात होते. –९९ ची अक्षरे तीन, ती पहिल्या गटात मावतात. –१०० ची चार, त्यामुळे चिन्ह एकटे उरते आणि छापले जाते –,१००. चाचणी चुकीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन एका पावलाने परत फिरत होती.

यावर पहिला उपाय सुचतो तो अट घालण्याचा: संख्या एक लाखाहून मोठी असेल तरच तपास. हा उपाय मीही करून पाहिला. जनरेटर तोच असल्याने एकही संख्या अटीत बसली नाही, क्विकचेकने १,००० संख्या टाकून दिल्या आणि हात टेकले. अट ही गाळणी आहे. पोत्यात जे नाही ते गाळणीतून कसे पडणार? पोतेच बदलावे लागते. पूर्णांकाला ‘लार्ज’ हे वेष्टण लावले की मोठ्या संख्या येऊ लागतात.

समजा, त्यातून –४८२१३ ही संख्या आली आणि चाचणी फसली. आता क्विकचेक ती लहान, म्हणजे शून्याच्या जवळची, करू पाहते. –२४१०७ फसते, –१२०५४ फसते, –१०५४८ फसते, आणि शेवटी उत्तर येते –१००००. –१०० ही त्याहून लहान संख्याही फसते, पण तिथवर ते पोहोचत नाही. कारण –१०००० वरून पुढे आजमावले जाणारे उमेदवार म्हणजे १००००, ०, –५०००, –७५०० असे करत –९९९९ पर्यंतचे, आणि हे सगळे पास होतात. चिन्ह एकटे उरते ते अंक तीन, पाच किंवा सात असताना. चार असताना नाही. तेव्हा क्विकचेक दाखवते ते सर्वांत लहान उदाहरण असेलच असे नाही. आजूबाजूला त्याहून लहान सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता पॅकेजांविषयी, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांविषयी, कारण नवशिक्याची पहिली अडचण इथेच येते. यादृच्छिक संख्यांचे मॉड्यूल हास्केल ९८ च्या प्रमाणित ग्रंथालयात होते, हास्केल २०१० मध्ये ते राहिले नाही. आज ते ‘रँडम’ या वेगळ्या पॅकेजात मिळते. जुन्या पुस्तकातली पहिलीच आयात ओळ त्यामुळे अडते. कंपायलरची तक्रार दोन प्रकारची असते, मॉड्यूल सापडतच नाही किंवा ते दडवलेल्या पॅकेजात आहे, आणि प्रकल्पापुरता दोन्हींचा उपाय एकच: कबाल या बांधणीच्या साधनाच्या फाइलमध्ये अवलंबित्वांच्या (लागणाऱ्या पॅकेजांच्या) यादीत पॅकेजचे नाव लिहिणे. फक्त लायब्ररीची यादी वेगळी आणि चाचणी विभागाची वेगळी असते. क्विकचेकचे नाव पहिल्या यादीत लिहून दुसरा विभाग का चालत नाही म्हणून संध्याकाळ घालवलेले लोक मला माहीत आहेत (त्यातला एक आपल्यासमोर उभा आहे). आवृत्त्या जुळत नसतील आणि लांबलचक संदेशात ‘बेस’ या पॅकेजचे नाव दिसत असेल, तर आधी कंपायलरची आवृत्ती पाहावी. बेस हे हास्केलचे मूलभूत पॅकेज कंपायलरबरोबरच येते, ते सहसा वेगळे बदलता येत नाही.

आवृत्तीचा संबंध यादृच्छिकतेशीही आहे. शुद्ध फंक्शनला जागतिक अवस्था नसते, म्हणून बीज, म्हणजे यादृच्छिक संख्या जिच्यापासून सुरू होतात ती संख्या, त्याच्या हातात द्यावे लागते. तेच बीज दिले की तीच संख्या येते, आणि फसलेली चाचणी बीज व आकारमान देऊन पुन्हा चालवता येते. पण २०२० मध्ये रँडमच्या १.२ आवृत्तीने संख्या तयार करणारे आतले यंत्र बदलून स्प्लिटमिक्स नावाचे दुसरे घेतले, तेव्हा जुन्या बीजांतून वेगळ्याच संख्या येऊ लागल्या. बीज जपून ठेवायचे तर आवृत्त्याही गोठवाव्या लागतात; कबालची फ्रीझ आज्ञा त्यासाठीच आहे.

मी मात्र बीज जपले नाही. –१०० आणि –१०००० या दोन संख्या हाताने साध्या चाचण्या म्हणून लिहून ठेवल्या. मग फंक्शन दुरुस्त केले: चिन्ह आधी बाजूला काढायचे, निरपेक्ष मूल्याचे गट करायचे आणि चिन्ह पुन्हा पुढे लावायचे. सगळ्या चाचण्या पास झाल्या. त्यानंतर तिसरी संख्याही हातानेच लिहावी लागली, कारण ६४ बिटांच्या पूर्णांकात –९२२३३७२०३६८५४७७५८०८ या सर्वांत लहान संख्येची धन जोडीदार मावत नाही. तिचे निरपेक्ष मूल्य काढले तरी ती ऋणच राहते, आणि माझे दुरुस्त फंक्शन तिच्यापुढे दोन वजा चिन्हे छापत होते.