लघवीची पहिली धार आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर

श्रोतेहो, नमस्कार.

लघवी तपासायला द्यायची म्हटलं की सूचना ठरलेली: स्वच्छ धुऊन घ्या, सुरुवातीची थोडी जाऊ द्या, मधली धार बाटलीत धरा. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी ते योग्यच. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही विषाणू लघवीत शोधायचा असेल, तर हीच सूचना पाळल्यानं नमुना वाया जातो.

कारण हा विषाणू मूत्राशयातून येत नाही. गर्भाशयमुखाच्या झडलेल्या पेशी स्रावाबरोबर खाली येतात आणि मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती साचतात. लघवीची पहिली धार त्यांना धुऊन आणते. म्हणून पहिले साधारण २० मिलिलिटरच हवेत, म्हणजे चहाचे चार चमचे. अख्खी बाटली भरून दिली, तर विषाणूचा अंश पातळ होतो आणि तपासणीच्या नजरेतून निसटतो.

नमुना देण्याआधी निदान तासभर लघवीला जाऊ नका आणि ती जागा धुऊ नका. धार सुरू होण्याआधीच भांडं खाली धरा. पाळी सुरू असेल तर थांबा, रक्तामुळे पीसीआर तपासणीत, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याच्या पद्धतीत, अडथळा येतो. पहिली धार आपोआप धरून उरलेली बाजूला सोडणारी उपकरणं आता निघाली आहेत. ती नसतील, तर खूण केलेली छोटी बाटली चालते, पण हात जरा सावध हवा.

पुढची चूक होते ती बाटलीत. नुसत्या लघवीत डीएनए फार टिकत नाही, लघवीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याचे तुकडे करतात. म्हणून नमुन्यात लगेच संरक्षक द्रव मिसळावा लागतो. त्यातलं ईडीटीए नावाचं रसायन विकरांना लागणारं मॅग्नेशियम बांधून ठेवतं. प्रयोगशाळेत नमुना गरगर फिरवून फक्त तळाचा गाळ घेतला, तर वरच्या पाण्यात सुटलेला डीएनए फुकट जातो.

भरवसा किती? २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात, गर्भाशयमुखाच्या नमुन्यात धोकादायक एचपीव्ही सापडलेल्या १०० पैकी सुमारे ७७ जणींचा विषाणू लघवीतही सापडला. पहिल्या धारेचे नमुने मधल्या धारेपेक्षा खूपच सरस ठरले. तरीही स्वतः योनीतून घेतलेल्या स्वॅबमागचा पुरावा आज लघवीपेक्षा भक्कम आहे. स्वॅब घेता येत असेल, तर आधी तोच घ्यावा. ज्यांना तोही नको वाटतो, त्यांच्यासाठी लघवीचा मार्ग मोलाचा.

एचपीव्ही तपासणीचं बळ काय, हे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासानं २००९ साली जगाला दाखवलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न देऊ केलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. तीही एकदाच केलेली तपासणी! नमुने मात्र गर्भाशयमुखातूनच घेतलेले होते, हे लक्षात असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ही तपासणी ३० व्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी करावी. एचआयव्ही असेल, तर २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. त्याहून लहान वयात संसर्ग खूप आढळतो, आणि बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो.

म्हणूनच अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. पण पुढची तपासणी लघवीवर होत नाही. पेशींत बदल झालेत का, हे गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून किंवा कॉल्पोस्कोपीनं, म्हणजे ते मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीनं, प्रत्यक्षच पाहावं लागतं. बदल सापडले आणि जागा योग्य असेल, तर उष्णतेनं ते जाळून टाकता येतात. प्रत्येक वेळी २० ते ३० सेकंद पुरतात.

मात्र संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल, किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर लघवीच्या अहवालाची वाट पाहू नका. तो ‘निगेटिव्ह’ आला असला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आतून तपासून घ्या.