दुखणं दाबून धावणारे घोडे

(दृश्य: एन्डोस्कोपचा पडदा. गुलाबी श्वासनलिका, तिच्या तळाशी रक्ताची बारीक धार.)

शर्यत संपून तासभर झालाय. तबेल्यात एकाने घोड्याचं डोकं धरून ठेवलंय आणि डॉक्टरांनी नाकपुडीतून दुर्बिणीची लांब नळी आत सरकवली आहे. पडद्यावर दिसतेय ती घोड्याची श्वासनलिका. तिच्या तळाशी जी लाल रेघ आहे, ते त्याच्याच फुप्फुसातलं रक्त. बाहेरून पाहिलं तर घोडा ठणठणीत आहे. नाकातून एक थेंबही आलेला नाही.

भरधाव घोड्याचं हृदय मिनिटाला 220 च्या वर ठोके देतं. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांवर एवढा दाब येतो की त्यातल्या काही फुटतात. बहुतेक घोड्यांमध्ये हे कधी ना कधी होतं. काहींना त्याचा पत्ताही लागत नाही, काहींची धावच तुटते, आणि क्वचित एखादा तिथल्या तिथे कोसळतो.

अमेरिकेने यावर एक इंजेक्शन निवडलं. फ्युरोसेमाइड. तबेल्यात सगळे त्याला लॅसिक्स म्हणतात. आपल्याकडे हृदय कमजोर झालेल्या, पायांना सूज आलेल्या माणसाला हीच गोळी देतात. लघवी वाटे पाणी निघून जातं, सूज उतरते. घोड्यालाही तसंच. शर्यतीच्या साधारण चार तास आधी सुई दिली जाते, घोडा सारखी लघवी करतो, वजन दहा-बारा किलोंनी उतरतं, रक्ताचं प्रमाण कमी झाल्याने फुप्फुसावरचा दाबही कमी होतो. 1970 च्या दशकापासून एकेका राज्याने हे इंजेक्शन मान्य करायला सुरुवात केली. न्यूयॉर्कने सगळ्यात शेवटी, 1995 मध्ये. त्यानंतर अशी वेळ आली की शर्यतीच्या कार्डावर जवळजवळ प्रत्येक घोड्याच्या नावापुढे लॅसिक्सची खूण असायची. ज्याला कधी रक्त आलंच नव्हतं, त्याच्याही.

वाद इथेच पेटला. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं काही आहे, म्हणून तो अजून मिटलेला नाही.

लॅसिक्सच्या बाजूने बोलणारे पशुवैद्य 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगाकडे बोट दाखवतात. 167 घोडे. प्रत्येकाला एकदा लॅसिक्स देऊन पळवलं, एकदा नुसतं मिठाचं पाणी टोचून. लॅसिक्स दिलं तेव्हा रक्तस्राव कमी झाला, आणि जो झाला तोही सौम्य होता. हा पुरावा कच्चा नाही. मग ज्या औषधाने प्राण्याचा त्रास कमी होतो ते नाकारायचं कशासाठी, असं ते विचारतात.

विरोधकांचं म्हणणं वेगळं. दहा किलो वजन उतरलेला घोडा हलका होऊन पळतो, मग हे औषध की वेग वाढवायची युक्ती? आणि ज्या घोड्यांना औषधाशिवाय धावता येत नाही, तेच पुढे पैदाशीला गेले तर ती कमजोरी पुढच्या पिढीत जाणार नाही कशावरून? इंग्लंड, फ्रान्स, जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया, कुठेही शर्यतीच्या दिवशी लॅसिक्स चालत नाही. आपल्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरही नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या दिवशी बंदी असलेलं हेच लॅसिक्स सरावाच्या काळात देता येतं. प्रेक्षक घोड्याला दोन मिनिटं पाहतात. बाकी सगळे महिने तो सरावात असतो. आणि माझ्या मते खरा प्रश्न त्या महिन्यांचा आहे.

(दृश्य: मोतद्दाराचा हात घोड्याच्या पुढच्या पायावरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, सावकाश खाली येतो.)

रोज पहाटे, घोडा बाहेर काढण्याआधी, हा हात पायावरून फिरतो. तो गरमी शोधत असतो. काल थंड असलेला सांधा आज कोमट लागतोय का? दाबल्यावर घोडा पाय मागे घेतो का? साडेचारशे-पाचशे किलोंचं जनावर भरधाव सुटलं की एका क्षणी त्याच्या पुढच्या एकाच पायावर शरीराच्या दुपटीहून जास्त भार येतो. हा भार सोसतो तो खुराच्या वरचा सांधा, आणि त्याच्या मागची बदामाएवढी दोन हाडं. शर्यतीचे घोडे मोडतात ते बहुतेक वेळा इथे.

हाड जिवंत असतं. सरावाने त्याला बारीक चिरा पडतात, शरीर खराब झालेला भाग आधी काढून टाकतं आणि मग नवं हाड भरतं. काढणं आणि भरणं यांच्या मधल्या दिवसांत ते हाड सगळ्यात नाजूक असतं. या दिवसांत घोड्याला दुखतं. तो जरासा लंगडतो, पाऊल आखडून टाकतो, एका बाजूला झुकून पळतो. त्याच्याजवळ सांगायला एवढंच असतं.

आता त्या गरम सांध्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचं इंजेक्शन द्या. किंवा दाण्यातून फिनाइलब्युटाझोन, ज्याला तबेल्यात ब्यूट म्हणतात. दोन दिवसांत सूज उतरते. सकाळी हात फिरवला तर पाय थंड. घोडा मोकळा चालतो, ट्रॅकवर चांगली वेळ देतो. हाड मात्र जिथे होतं तिथेच आहे.

मी औषधाच्या विरोधात बोलत नाही. संधिवाताने हैराण झालेल्या घोड्याच्या सांध्यात डॉक्टरांनी योग्य वेळी सुई दिली आणि त्याला चार-सहा आठवडे विश्रांती मिळाली, तर ती चांगली शुश्रूषा आहे. ती नाकारणं हीच क्रूरता ठरेल. पण विश्रांतीचा प्रत्येक आठवडा मालकाला महाग पडतो. घोडा पळो न पळो, ट्रेनरचं बिल, खाणं, नाल, डॉक्टर, सगळं चालूच असतं. ट्रेनरला माहीत असतं की त्याने घोडा थांबवला तर मालक दुसऱ्या तबेल्याचं दार ठोठावेल. मग सुई राहते आणि विश्रांती गळून पडते.

कॅलिफोर्नियात 1990 पासून रेसकोर्सवर दगावलेल्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन होतं. डेव्हिस इथल्या विद्यापीठात डॉ. सू स्टोव्हर यांनी अशी मोडलेली हाडं वर्षानुवर्षं तपासली. त्यांना जे दिसलं त्याने ‘पाय वाकडा पडला, नशीब वाईट’ हे जुनं स्पष्टीकरण निकालात निघालं. बहुसंख्य घोड्यांच्या हाडात, जिथे ते मोडलं नेमकं तिथेच, आधीची इजा होती. अपघात काही आठवड्यांपूर्वीच सुरू झाला होता.

(दृश्य: सांता अनिता रेसकोर्स, लॉस एंजेलिसजवळ. रिकामे स्टँड, मागे डोंगर.)

2018 च्या डिसेंबरअखेरपासून 2019 च्या जूनपर्यंत या एका रेसकोर्सवर 30 घोडे दगावले. त्या हिवाळ्यात पाऊसही फार झाला होता, मार्चमध्ये ट्रॅक काही आठवडे बंद ठेवावा लागला. पुढे राज्याच्या रेसिंग मंडळाने त्यातल्या 23 मृत्यूंचा तपास केला. हाड मोडून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक घोड्याला त्याच जागी जुनी इजा होती. बंदी असलेलं औषध मात्र सापडलं नाही. हे ऐकून काही लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मला त्याने जास्त अस्वस्थ व्हायला होतं. म्हणजे नियम पाळूनही घोडा असा मरू शकतो.

याच कॅलिफोर्नियात त्याआधी एक प्रकरण घडलं होतं. नोव्हेंबर 2011 ते मार्च 2013 या काळात बॉब बॅफर्ट यांच्या तबेल्यातले सात घोडे अचानक मेले. बॅफर्ट म्हणजे अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले ट्रेनर. तपासात कळलं की त्यांच्या तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना थायरॉइडचं औषध, थायरॉक्सिन, दिलं जात होतं. आजारी असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. मृत्यूंचं कारण ते औषध होतं असं सिद्ध झालं नाही, नियम मोडल्याचंही आढळलं नाही. पण आजार नसताना सरसकट तबेल्याला औषध, याला उपचार कसं म्हणायचं?

बॅफर्ट यांचं नाव पुढे जगभर वादात आलं ते मेदिना स्पिरिट या घोड्यामुळे. वर्षभराचा असताना अवघ्या 1,000 डॉलरला विकलं गेलेलं हे शिंगरू 1 मे 2021 रोजी केंटकी डर्बीत, अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या शर्यतीत, सगळ्यांच्या पुढे होतं. त्या वर्षी डर्बी लॅसिक्सविना धावली गेली होती. आठवडाभरात बातमी आली की रक्तात बीटामेथासोन सापडलं. सांध्यात देतात तेच स्टेरॉइड. प्रमाण मिलिलिटरला 21 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातले 21.

एवढ्याने घोडा जिंकतो का? नाही. ट्रेनरच्या वकिलांनी सांगितलं की सांध्यात सुई दिलीच नव्हती, अंगावर पुरळ आलं म्हणून मलम लावलं होतं त्यातून ते आलं, आणि तपासणीत मलमातलाच प्रकार सापडल्याचंही त्यांनी मांडलं. अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की शर्यतीच्या दिवशी हे औषध अंगात असता कामा नये, ते कसं आलं याला महत्त्व नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये विजय काढून घेतला गेला आणि दुसरा आलेला मँडलून विजेता ठरला. मेदिना स्पिरिट तोपर्यंत उरला नव्हता. 6 डिसेंबर 2021 ला सांता अनितावर सकाळच्या सरावानंतर तो कोसळला. शवविच्छेदनातून नक्की कारण हाती लागलं नाही.

डर्बीच्या इतिहासात औषधामुळे विजय गमावलेला दुसराच घोडा तो. पहिला 1968 चा डान्सर्स इमेज. घोट्याने अधू होता, शर्यतीच्या आठवड्यात त्याला ब्यूट दिलं होतं, ते लघवीत सापडलं. मालक पीटर फुलर वर्षानुवर्षं कोर्टात झगडले आणि हरले. पण पुढे केंटकीने ब्यूटला परवानगी देऊन टाकली. ज्यासाठी एका घोड्याची डर्बी गेली, तेच काही वर्षांनी इतरांना खुलं झालं. एकच औषध एका राज्यात चालतं, शेजारच्या राज्यात चालत नाही, असा गोंधळ अमेरिकेत पुढे कित्येक दशकं राहिला.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी वकिलांनी 27 जणांवर आरोप ठेवले, त्यात जॉर्ज नवारो आणि जेसन सर्व्हिस हे दोन यशस्वी ट्रेनर होते. तपासणीत न सापडणारी औषधं दिल्याबद्दल नवारोंना पाच आणि सर्व्हिस यांना चार वर्षांची शिक्षा झाली. ती सरळ गुन्हेगारी होती, तिच्या बाजूने कुणी बोलत नाही.

(दृश्य: तबेल्यातलं टेबल. पशुवैद्याच्या फोनवर नोंदीचा तक्ता, बाजूला औषधाच्या बाटल्या.)

त्याच वर्षीच्या शेवटी अमेरिकेच्या संसदेने घोड्यांच्या शर्यतींसाठी देशभर एक कायदा केला. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेला थोडक्यात हायसा म्हणतात. सुरक्षेचे नियम जुलै 2022 पासून आणि औषधांचे मे 2023 पासून लागू झाले. सांध्यात सुई दिली तर सात दिवस वेगाचा सराव बंद, 14 दिवस शर्यत बंद. डॉक्टरांनी कुठलाही उपचार केला तर 24 तासांत नोंद पाठवायची. दम्यावरचं क्लेनब्युटेरॉल स्नायू वाढवायला वापरलं जायचं, त्यालाही वेसण घातली. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतींत आणि मोठ्या बक्षिसांच्या शर्यतींत लॅसिक्स बंद.

मला यातला नोंदीचा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो. अमेरिकेत रोजच्या बऱ्याच शर्यती अशा असतात की ठरलेल्या किमतीला घोडा त्याच शर्यतीतून विकत घेता येतो. घोडा वर्षभरात तीन-चार तबेले बदलतो. पहिल्या ट्रेनरने गुडघ्यात सुई दिली, दुसऱ्याला माहीत नाही, त्यानेही दिली. तिसऱ्याच्या हाती येईपर्यंत त्या सांध्याचं काय झालेलं असेल? आता सांध्यातल्या अशा सुयांची माहिती नव्या ट्रेनरकडे जावी लागते.

ट्रेनर कुरकुरतात. कागदपत्रं वाढली, खर्च वाढला, छोटे तबेले टिकणार नाहीत, म्हणतात. कणभर अंशासाठी नाव बदनाम होतं हा त्यांचा राग मी समजू शकते. माणसाच्या हाताला लागलेल्या औषधाने घोडा दोषी ठरला, तर तो अन्यायच. पण आकडे पाहा. 2009 मध्ये अमेरिकेत दर हजार धावांमागे 2 घोडे दगावत. 2024 मध्ये हायसाच्या देखरेखीखालच्या रेसकोर्सवर हे प्रमाण 0.90 वर आलं. जिथे हायसाचे नियम लागू नाहीत, तिथे त्याच वर्षी ते 1.76 होतं. ही घट एकट्या औषधाच्या नियमांनी झाली असं म्हणता येणार नाही. ट्रॅकची निगा, शर्यतीआधीची तपासणी, सांता अनितावर 2019 च्या अखेरीस आलेलं घोडा उभा असतानाच पायाचं पेट स्कॅन करणारं यंत्र, सगळ्याचा त्यात वाटा आहे.

आपल्याकडे महालक्ष्मी रेसकोर्सची चर्चा निघते ती जागेवरून. 120 एकर बागेला, उरलेली रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबला. तिथे पळणाऱ्या घोड्यांच्या पायांबद्दल क्वचितच कुणी विचारतं. आपल्या रेसकोर्सवर किती घोडे जायबंदी झाले, किती दगावले, सरावात त्यांना काय दिलं गेलं होतं, हे शर्यतीच्या निकालाइतक्या सहज कुणालाही पाहता यायला हवं.

अमेरिकेतही काम अर्धंच झालंय. टेक्सासने हा कायदा मानलेलाच नाही. इतर काही राज्यांत कोर्टकचेरी चालू राहिली. साध्या शर्यतींत लॅसिक्सला सवलत ठेवली गेली, आणि सगळ्यात जास्त घोडे धावतात ते याच साध्या शर्यतींत, छोट्या बक्षिसांसाठी, जिथे स्कॅनचं यंत्र नाही आणि डॉक्टर एकाच सकाळी डझनावारी घोडे पाहतो.