योसेफाचा झगा मुलांना कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी! आज संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्यांशी आणि घरी मुलांना गोष्टी सांगणाऱ्या आईबाबांशी बोलायचंय. गोष्ट योसेफाची आणि त्याच्या भावांची. बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्ती, अध्याय 37.

ही गोष्ट आपण फार घाईत उरकतो. भाऊ वाईट, योसेफ चांगला, हेवा करू नये, चला प्रार्थना करू. ज्याच्या घरी नुकतंच धाकटं बाळ आलंय, ते मूल तेव्हा गप्प बसून राहतं. त्या भावांच्या मनात काय चाललंय ते त्याला नेमकं कळलेलं असतं, पण ते बोलणार कसं? म्हणून म्हणते, आधी चित्र दाखवा.

हे बघा, डच चित्रकार रेम्ब्रांटचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र, 1638 सालचं. मूळ चित्र जेमतेम तळहाताएवढं आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, मोठी प्रिंट काढून घ्या. मधे उभा आहे तो योसेफ. सूर्य, चंद्र आणि अकरा तारे मला नमन करत होते, हे स्वप्न सांगतोय. खुर्चीत त्याचा म्हातारा बाप याकोब. भोवती भाऊ. आता तुम्ही काही बोलू नका. एवढंच विचारा, "यातल्या कोणाला काय वाटत असेल?" मग मुलं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवतात. हा चिडलाय. याला खोटं वाटतंय. खाली एक कुत्रं आपलं अंग चाटत बसलंय, छोट्यांना तेच आधी दिसतं. दिसू दे, घाई नाही.

आणि एखादी मुलगी हमखास विचारेल, "बाबांनी झगा एकट्यालाच का दिला?" हा प्रश्न टाळू नका, गोष्टीचं मूळच तिथं आहे. याकोबाचा योसेफावर जास्त जीव होता, त्याच्यासाठीच त्यानं पायघोळ झगा केला, आणि भावांना योसेफाशी धड बोलवेना. बायबल हे झाकत नाही, मग आपण का झाकायचं? "हो, बाबांचं चुकलं," असं सरळ सांगा.

आता दुसरं चित्र. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं, 1630 साली रोममध्ये असताना काढलेलं. आज ते माद्रिदजवळ एल एस्कोरियालच्या मठात आहे. दोन मीटरहून उंच. भावांनी योसेफाला चांदीच्या 20 नाण्यांना विकलं, बकरा मारून झगा रक्तात बुडवला, आणि आता बापापुढे धरलाय: "बघा, हा तुमच्या मुलाचाच का?" याकोबाचे हात हवेत गेलेत, काठी खाली पडलीय. आणि गालिच्याच्या कडेला एक छोटं कुत्रं त्या भावांवर भुंकतंय! बापाला जे उमगलं नाही ते त्याला उमगलंय. मुलांना हे सांगून टाकू नका. "कुत्रं कोणावर भुंकतंय? का?" एवढं विचारा आणि थांबा.

डावीकडे एक जण आपल्याकडे पाठ करून उभा आहे. मोठ्या मुलांना विचारा, तो खरंच रडतोय की सोंग करतोय? दोन्ही एकदम होऊ शकतं का? इथे थोरल्या भावाची, रऊबेनाची आठवण करून द्या. विकण्याआधी भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं होतं, आणि याला त्याला तिथून काढायचं होतं. परत येऊन बघतो तर खड्डा रिकामा. त्यानं दुःखानं स्वतःचे कपडे फाडले, आणि तरी बापापुढे खरं बोलला नाही. दहा-बारा वर्षांची मुलं यावर फार मनापासून बोलतात. बोलताना एखादं मूल स्वतःच्या घरातलं सांगू लागलं तर ऐकून घ्या, लगेच बायबलमधलं वचन म्हणून दाखवू नका.

आणि एक विनंती. पुढे मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, योसेफ आणि भाऊ पुन्हा भेटतात; पण त्याच दिवशी पळत पळत तिथे जाऊन सगळ्यांची गळाभेट घडवू नका. ती पुढच्या रविवारी. तेव्हा 44 वा अध्याय घ्या. विकायची कल्पना ज्याची, तोच भाऊ यहूदा तिथे योसेफाला म्हणतो, धाकट्या बन्यामीनाऐवजी मला गुलाम म्हणून ठेवा. बन्यामीनसुद्धा बापाचा लाडकाच. त्या दिवशी वेलास्केझचं चित्र परत भिंतीवर लावा आणि मुलांना विचारा, यातला यहूदा कोणता असेल?