भरतीचं टाईमटेबल

हा हर्ण्याजवळचा आमचा किनारा, तो समोर सुवर्णदुर्ग, आणि तिकडे लांब वाळूवर पालथी पडलीय ना, ती माझी लेक. नऊ वर्षांची. आज मंगळवार, सकाळचे पावणेदहा वाजलेत. दीड वर्ष झालं, आम्ही तिला घरीच शिकवतोय.

ती बघतेय एका खेकड्याचं बीळ. नखाएवढा खेकडा असतो, ओहोटी लागली की वर येतो, तोंडाने वाळू चाळतो, त्यातलं खाणं खातो आणि उरलेल्या वाळूची छोटी गोळी करून मागे टाकतो, अशा शेकडो गोळ्या बिळाभोवती, जणू कुणी रांगोळीचे ठिपके काढलेत. ती तास तास बघते. मी हाक मारत नाही.

पहिले दोन महिने असं नव्हतं. मी फळा आणला, भिंतीवर टाईमटेबल चिकटवलं, आठ वाजता गणित, पावणेनऊला मराठी, मग परिसर अभ्यास. तिसऱ्या आठवड्यात वही उघडली की हिचं पोट दुखायला लागलं. ते दुखणं खरं होतं, मी घरातच वर्ग भरवला होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगो, सोड तिला जरा, खेळू दे की खळ्यात." सोडलं. मग कितीतरी दिवस ती फक्त खेळली, आणि मला रात्र रात्र झोप नाही, वाटायचं पोरीचं नुकसान करतोय आपण.

आणि मग एकदा तिनेच विचारलं, "आई, काल या टायमाला पाणी इथपर्यंत होतं, आज का नाही?"

उत्तर आजीकडे होतं. तिथीचं पाऊणपट कर, म्हणाल्या, भरतीची वेळ मिळते. आज पंचमी, पाचाचं पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती आणि त्याच्या सहाएक तास आधी ओहोटी. उद्या षष्ठी, साडेचार. आजींना लहानपणीची पाऊणकी अजून पाठ आहे, एकाचं पाऊण, दोनाचं दीड, तिनाचं सव्वादोन, आणि ज्या पोरीला अपूर्णांक म्हटलं की रडू यायचं ती आजीच्या मांडीवर बसून पंधरापर्यंत शिकली. मग रोज वेळ लिहून ठेवायला लागली, हिशोब आणि खरी भरती यात थोडा फरक पडतो हे तिच्याच लक्षात आलं, तिथून चंद्रावर गाडी गेली, रोज भरती साधारण ५० मिनिटं उशिरा का येते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण का आणि अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती का. हे सगळं दोन आठवडे चाललं, मराठीचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही, आणि मला ते चाललं.

आता आमची वेळ पाण्याप्रमाणे सरकते. ओहोटी सकाळी असेल तर सकाळ किनाऱ्यावर, लिहिणं-वाचणं दुपारी. भागाकार अजून कच्चा आहे, त्यावर रोज थोडं बसतोच.

याच कोकणपट्टीत, उत्तरेला बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मूल जिथे आहे तिथे शिकवायला आपण जायचं, हे वाचलं तेव्हा मला खूप धीर आला.

लोक पहिलं दहावीचंच विचारतात. राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, बाहेरून परीक्षा देता येते, एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा आहे, त्यात घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूद नाही, म्हणून आम्ही सगळ्याच्या नोंदी, वह्या, तारखा नीट जपून ठेवतो. तुम्हीही ठेवा.

पाणी चढायला लागलंय बघा. गोळ्या विरघळल्या, बिळं बुजली. ती वही छातीशी धरून येतेय, पायाला वाळू, आणि लांबूनच ओरडतेय, "आई, एकशे बारा!"