लालफितीची गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

'प्रस्ताव लालफितीत अडकला' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातली फीत आता डोळ्यांसमोर येतच नाही. पण ती खरीखुरी होती. इंग्लंडमध्ये 17व्या शतकापासून सरकारी आणि कोर्टाचे कागद तांबड्या फितीने बांधून ठेवत. कागद पाहायचा तर आधी गाठ सोडायची, पाहून झाला की पुन्हा आवळायची. पुढे 19व्या शतकात तिथल्या लेखकांनी कारभाराच्या संथपणालाच ही फीत चिकटवली. आपल्याकडे आलेल्या शब्दाची वीण तर पाहा! 'फीत' पोर्तुगीजांची, 'शाही' फारसीतली, कल्पना इंग्रजांची. आणि तयार झालेला 'लालफीतशाही' हा शब्द मात्र आता पुरता आपला.

हा शब्द सरसकट वापरू नये, असं मला मनापासून वाटतं. जमिनीच्या व्यवहारात सही करणारा खरा मालक आहे ना, हे तपासायला दोन दिवस लागले, तर ती लालफीत नव्हे. ते तुमच्याआमच्या हिताचंच आहे. पण एकच दाखला तीन खिडक्यांवर तीनदा मागितला, किंवा सगळ्या त्रुटी एकदम न सांगता दर खेपेला एक नवी काढली, की समजावं, गाठ आवळली जातेय.

मला अधिक खुपतं ते या वाक्यातलं क्रियापद. पतंग झाडात अडकतो, तसा प्रस्ताव 'अडकतो'. त्यात कुणाचा हातच दिसत नाही. 'अडकवला' म्हणून पाहा, लगेच प्रश्न उभा राहतो: कुणी?

त्या मानाने 'दप्तरदिरंगाई' हा शब्द मला जवळचा वाटतो. तो सरळ उशिरावर बोट ठेवतो. महाराष्ट्राचा 2005 सालचा एक कायदा तर लोकांच्या तोंडी याच नावाने आहे. त्याचं मूळ नाव लांबलचक, पण त्यातली एक ओळ लक्षात ठेवण्याजोगी आहे: कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये.

तेव्हा चौकशीला जाल, तेव्हा 'माझी फाईल अडकलीय का हो?' असं विचारू नका. आवक क्रमांक सांगा, आणि विचारा, 'ती आज कुणाच्या टेबलावर आहे, आणि किती तारखेपासून?'