30 सप्टेंबरच्या आधी

(शाळा व्यवस्थापन समितीच्या पालक सदस्यपदाच्या उमेदवाराने चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी पालकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)

माय-बहिणींनो, आप्पा, नाना, भाऊ मंडळी,

परवा पालक सभा आहे आणि तिथून पुढच्या दोन वर्षांसाठी आपल्या जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती ठरणार आहे. मी उभा आहे, म्हणून माझी मतं आधीच सांगून ठेवतो. पटली तर मत द्या. नाही पटली तरी हे प्रश्न बाकीच्या उमेदवारांना विचारा.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे कायद्याने शाळा आपल्या हातात दिली आहे. प्रत्यक्षात काय होतं? नावं आधीच ठरतात, सभा बिनविरोध उरकते आणि पुढे इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरते. शिक्षणाचं धोरण दिल्ली-मुंबईत ठरतं हे खरं, पण आपल्या शाळेत ते ठराविक तारखांना, ठराविक कागदांवर येतं. त्या कागदांवर सही समितीची असते. ती सही वाचून, मोजून आणि वेळेवर व्हावी, एवढ्यासाठी मी मत मागतो आहे.

पहिली तारीख 30 सप्टेंबर. त्या दिवसाच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे पुढे आपल्याला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी हिशेब स्पष्ट आहे: 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. राज्य सरकारने 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले आणि त्याचा फटका कमी पटाच्या शाळांना बसला. माझं मत सरळ आहे. कायद्याचं परिशिष्ट हा किमान दर्जा आहे, शासन निर्णयाने त्याच्या खाली जाता कामा नये. मुलं दहा असोत की पन्नास, वर्ग पाचच असतात. एकच शिक्षक पाच वर्ग घेतो, त्यातच ऑनलाइन माहिती भरतो, बैठकीला तालुक्याला जातो. त्या दिवशी शाळा कोण चालवतं, हे तुम्ही बघता.

पण शासन निर्णयाशी भांडताना आपला पट आपणच गमावायचा नाही. संच मान्यतेत धरलं जातं ते आधार वैध असलेलं मूल. वर्गात मूल बसलेलं आहे, पण शाळेच्या जनरल रजिस्टरला ‘रोशनी’ आणि आधारला ‘रोषणी’, किंवा जन्मतारीख आधारवर सरसकट 1 जानेवारी, की संगणक त्याला जुळत नाही म्हणतो. उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. जूनमध्ये प्रवेश झाला की जुलैत वर्गशिक्षकांनी न जुळणाऱ्या नावांची यादी समितीपुढे ठेवायची. जन्मदाखला हा मूळ कागद धरायचा. रजिस्टर दाखल्याशी जुळत असेल तर आधार दुरुस्त करायचं. रजिस्टरलाच चूक असेल तर मुख्याध्यापकांनी दुरुस्तीचा प्रस्ताव गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. पहिलीतल्या बऱ्याच मुलांचं बाल आधार असतं, त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करावं लागतं, हे आईबापांना कुणी सांगतच नाही. तालुक्याला एकेकट्याने खेटे घालण्यापेक्षा आधारचं शिबिर गावात लावा, असं पत्र समितीने ऑगस्टमध्येच द्यावं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून यातलं काही होत नाही.

आता आपल्या भागाचा सगळ्यात मोठा प्रश्न: स्थलांतर. 30 सप्टेंबरला पट भरलेला दिसतो. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. पाड्यांवरची मुलं आईबापांबरोबर जातात आणि होळीच्या सुमारास परत येतात. रजिस्टरला नाव असतं, वर्षातलं निम्मं शिक्षण नसतं. यावर दोन गोष्टी उपलब्ध आहेत आणि दोन्ही आपल्याकडे उशिरामुळे वाया जातात.

एक, हंगामी वसतिगृह. मूल गावातच आजी, काका, मामाकडे राहतं, शाळेत येतं आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय समितीमार्फत होते. पण त्यासाठी आधी सर्वेक्षण लागतं, पालकांचं आणि मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकाचं संमतीपत्र लागतं, समितीचा ठराव लागतो, मग प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत वर जातो. टोळी गेल्यावर ठराव केला तर संमती कुणाची घेणार? मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटतात त्याच वेळी कोणतं कुटुंब जाणार हे गावाला कळलेलं असतं. म्हणून ही यादी सप्टेंबरच्या बैठकीत झाली पाहिजे, घराघरात जाऊन, मुकादमालाही विचारून. आजीच्या हातात पोरगी सुरक्षित आहे का, घरात दुसरं मोठं माणूस कोण, हेही त्याच भेटीत बघायचं. रात्रीची जबाबदारी कागदावर कुणाची आणि खरी कुणाची, यात फरक पडला की आई पुढच्या वर्षी पोरीला ठेवत नाही, आणि तिचं चुकत नाही.

दोन, ज्या कुटुंबाला मूल न्यावंच लागतं त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड. हे कार्ड दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत मूल बसवता येतं. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे कायद्यातच आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. कार्ड टोळी निघायच्या आधी आईच्या हातात द्यायचं, शाळेच्या कपाटात ठेवायचं नाही. त्यावर आपल्या शाळेचा फोन नंबर ठळक लिहायचा, म्हणजे तिकडचे गुरुजी विचारू शकतील की पोरगं कुठवर शिकलं आहे.

याला जोडूनच पाचवी-आठवीच्या परीक्षेचं बोलतो. 2023 मध्ये राज्याने नियम बदलले. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. पुष्कळ पालकांना हे आवडलं आहे, मला माहीत आहे. “नापासाची भीती पाहिजे” असं म्हणतात. पण जे लेकरू चार महिने फडावर होतं त्याला शाळेने काय शिकवलं, की त्याची परीक्षा घ्यायची? मागे राहिलेल्या पोराला त्याच वर्गात बसवलं की ते शाळा सोडतं, पोरीचं लग्न ठरतं. परीक्षा व्हावी, त्यातून कुणाला काय येत नाही ते कळावं. पण मार्चमध्ये परत आलेल्या मुलांसाठी निकालाआधी आणि पुनर्परीक्षेआधी जादा वर्ग लावल्याशिवाय आपल्या शाळेतलं एकही मूल मागे ठेवू नये, असा ठराव मी समितीत मांडणार.

जेवणाचं बोलू. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असं प्रमाण आहे; त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. आता हे आपल्या चुलीवर आणा. पहिली ते पाचवीची 80 मुलं हजर असतील तर त्या दिवशी भांड्यात 8 किलो तांदूळ, 1 किलो 600 ग्रॅम डाळ, 4 किलो भाजी आणि 400 ग्रॅम तेल पडलं पाहिजे. हा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर 10-10 मुलांच्या टप्प्याने रंगवून घ्यायचा, म्हणजे स्वयंपाकी ताईंना रोज गुणाकार करावा लागणार नाही आणि कुणालाही तो बघता येईल. गडबड कुठे होते तेही सांगतो. पोती उतरताना वजन होत नाही, तोंडी आकडा लिहिला जातो. हजेरी सकाळी मांडतात, पण आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी निम्मी मुलं नसतात. डाळ अंदाजाने ओततात, म्हणून वरण पातळ होतं आणि महिनाअखेर साठ्याचा हिशेब बसत नाही. 100 किलोचा वजनकाटा शाळेत हवा आणि पोतं समितीच्या एका सदस्यासमोर मोजलं जायला हवं.

2015 च्या नियमांप्रमाणे वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं असतं. चवीच्या वहीत महिन्याच्या सह्या एका दिवशी झालेल्या दिसल्या तर ती वही काही कामाची नाही. आठवड्याचे वार आयांमध्ये वाटून घेऊ. ज्या दिवशी धान्य नाही, इंधन नाही म्हणून जेवण झालंच नाही, त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता मुलाला मिळायला हवा, हाही नियमच आहे. मागणी लेखी करायची.

जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि हवं तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. मला हे मान्य नाही. कुपोषणाचं नाव निघालं की सगळ्यांना नंदुरबार आठवतो. त्या खान्देशातल्या मुलांच्या ताटातलं अंडं वर्गणीवर सोडायचं नसतं. निधी परत सुरू करा, ही मागणी आपण ठरावाने पाठवू. तोवर काय? केळीचा पट्टा आहे, गावातले बागाईतदार फण्या देतीलच, पण केळ्यात प्रथिनं नावापुरती. म्हणून केळ्यासोबत भाजलेले शेंगदाणे द्या. 25 ग्रॅम दाण्यात साधारण एका अंड्याइतकी, 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. 80 मुलांना एका दिवसाला 2 किलो दाणे, एवढंच.

पैशाचं थोडक्यात. संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं: 30 पर्यंत 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. 25 हजार म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर, त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, संडासाची सफाई. हे पुरत नाही, आणि ते वाढलं पाहिजे. शिवाय खर्चाची मर्यादा, म्हणजे किती पैसे काढता येतील याची मंजुरी, बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर येते, 31 मार्चला परत जाते, म्हणून घाईत नको त्या वस्तू घेतल्या जातात. याला एकच उपाय: कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची याचा ठराव डिसेंबरमध्येच तयार ठेवायचा. शाळा विकास आराखडाही त्याच सुमारास व्हायला हवा. तीन वर्षांचा आराखडा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. वर्गनिहाय पट, लागणारे शिक्षक, खोल्या, पाणी, संडास, खर्च, सगळं त्यात येतं. गेल्या वर्षीचीच पानं पुन्हा जोडून पाठवली तर जिल्हा परिषदेला आपली पडकी भिंत दिसणार कशी?

गणवेशाचं उदाहरण लक्षात ठेवा. राज्याने ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून खरेदी वर नेली. मापं चुकली, कपडे उशिरा आले. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये अधिकार पुन्हा शाळा समित्यांना दिला. आपण मोजमाप गावातच घेतलं, शिलाई गावातल्या बचत गटाला दिली, तर जूनमध्ये पोरांच्या अंगावर कपडे असतील.

शिकण्याबद्दल माझी एकच कसोटी आहे. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानाचं उद्दिष्ट म्हणतं, तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत. दर तीन महिन्यांनी पालक सभेत तिसरीची पाच मुलं चिठ्ठीने निवडायची आणि अनोळखी उतारा वाचायला द्यायचा. पुस्तकातला धडा द्यायचा नाही, तो पाठ असतो. वाचून झालं की दोन प्रश्न विचारायचे. हे मुलाला किंवा बाईंना लाजवण्यासाठी नाही, मदत कुठे लागते ते कळावं म्हणून. आणि पहिलीत येणारं लेकरू घरी अहिराणी बोलतं, पाड्यावर पावरी बोलतं. काल कुठे होतास असं विचारलं आणि ते “वावरमा गयथू” म्हणालं, तर त्याला गप्प करायचं नाही. ते उत्तर बरोबर आहे, ते फळ्यावर लिहायचं आणि त्याच्या शेजारी पुस्तकातलं वाक्य. पहिले दोन-तीन महिने असं चाललं तर मूल बोलतं राहतं, आणि बोलणारं मूलच वाचायला शिकतं. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे 2025 चे निर्णय सरकारने जूनअखेर मागे घेतले, ते योग्यच झालं. आपल्या मुलांना मराठीच शाळेत येऊन शिकायची असते.

समूह शाळेचा, म्हणजे लहान शाळा मिळवून एक मोठी करण्याचा, विषय निघतो तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळचं उदाहरण देतात. डोंगरात विखुरलेल्या पाड्यांसाठी निवासी शाळा समजू शकतो. पण तेच सपाटीवर आणून 20 पटाच्या शाळा बंद करायला मी विरोध करीन. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम आहे. सहा वर्षांची पोर नाला ओलांडून रोज दुसऱ्या गावी जाणार नाही. वाहन पहिलं वर्ष येतं, दुसऱ्या वर्षी बिल थकतं.

खासगी शाळांत गरीब, वंचित मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांबद्दलही विचारलं जातं. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने त्यातून पळवाट काढली होती, जुलैत उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्याला तिथे मूल घालायचं आहे त्याला अर्ज भरायला समितीने मदत करावी. तो त्याचा हक्क आहे. आपल्या शाळेचा पट टिकवण्यासाठी कुणाचा हक्क अडवायचा नाही.

शेवटी सभेबद्दल. बैठक दर महिन्याला झाली पाहिजे, पण कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी 11 ला ठेवली तर एकही बाई येणार नाही, रोज बुडतो. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते. त्या दिवशी संध्याकाळी ठेवू. इतिवृत्त बैठक संपतानाच मोठ्याने वाचायचं आणि तिथेच सह्या. वही कुणाच्याही घरी येणार नाही, माझ्याही नाही. परवा येताना मुलाचं आधार आणि जन्मदाखला घेऊन या; सभा सुरू होण्याआधी अर्धा तास रजिस्टर बाहेर ठेवावं, अशी विनंती मुख्याध्यापकांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. आता विचारा, काय विचारायचं ते.